संकलकाचा शब्दज्ञ मदतनीस



चित्रपटाचें संकलन म्हणजे फिल्म कापणें आणि चिकटविणें, अशी समजूत अजून पुष्कळांच्या मनांत आहे. एके काळीं ती अक्षरशः खरी होती. १९७९ सालीं प्रदर्शित झालेल्या 'अपोकॅलिप्स नाऊ' या अमेरिकन चित्रपटासाठीं सुमारें साडेबारा लक्ष फूट फिल्म वापरली गेली. ती सलग पाहावयाची म्हटली तर २३० तासांहून अधिक काळ लागावा. आणि प्रेक्षकांपुढें आलेला चित्रपट अडीच तासांचाही नव्हता. ठेवलेल्या प्रत्येक मिनिटामागें ९५ मिनिटें बाजूला पडलीं, असा हिशेब त्याच्या संकलकांपैकीं एक, वॉल्टर मर्च, यांनीं मांडला आहे. एवढ्या ढिगाऱ्यांतून हवा तो तुकडा शोधून काढणें हेंच निम्मेंअधिक काम.

आज संकलकाच्या हातीं कात्री राहिलेली नाहीं. १९७१ सालीं अमेरिकेंत सी. बी. एस. आणि मेमोरेक्स या दोन कंपन्यांच्या भागीदारींतून सी. एम. एक्स. ६०० हें संगणकावर चालणारें संकलनयंत्र निघालें, आणि तेव्हांपासून या धंद्याचें रूप पालटत गेलें. पुढें व्हिडिओच्या संकलनांत निर्णयांची यादी लिहिण्याची रीत रूढ झाली. कोणत्या टेपवरचा, कोठून कोठपर्यंतचा भाग, कोणत्या ठिकाणीं बसवावयाचा, एवढेंच त्या यादींत असतें. वाण्याच्या वहींत धान्य नसतें, धान्याची नोंद असते, तसेंच हें. डाव्हिंची रिझॉल्व्ह किंवा प्रीमियर प्रो यांसारख्या आजच्या प्रोग्रॅमांतही मूळ चित्रण जागच्या जागीं राहतें. संकलक जें जें कापतो असें आपण म्हणतों, तें तें या वहींतल्या नोंदी बदलणें असतें.

ही गोष्ट नीट ध्यानांत ठेवावी, कारण पुढचें सारें तिच्यावर उभें आहे. कृत्रिम बुद्धीचा जो मदतनीस अलीकडे घरोघर पोंचला आहे, तो मुख्यतः शब्दांवर पोसलेला आहे. त्याला हात नाहींत. परंतु संकलन जर मुळांत वहीच असेल, तर वही लिहिणें त्याच्या आवांक्यांतलें आहे. प्रश्न उरतो तो इतकाच कीं, ती वही त्याच्या पुढ्यांत ठेवावयाची कशी?

या प्रोग्रॅमांना दोन दरवाजे असतात. पुढच्या दरवाजानें आपण माउस आणि कळफलक घेऊन शिरतों. मागच्या दरवाजानें लेखी आज्ञा आंत पाठवितां येतात. रिझॉल्व्हच्या बाबतींत त्या पायथन किंवा लुआ या भाषांत लिहितात, प्रीमियरच्या बाबतींत जावास्क्रिप्टच्या कुळांतल्या भाषेंत. ही सोय कृत्रिम बुद्धीसाठीं केलेली नव्हे. एकच काम शंभर वेळां करून कंटाळलेल्या संकलकांसाठीं ती आधींपासून आहे. मात्र पुढच्या दरवाजानें जें करतां येतें तें सर्वच मागच्या दरवाजानें होतें असें नाहीं, आणि रिझॉल्व्हमध्यें बाहेरून अशा आज्ञा द्यावयाच्या तर पैसे भरून घेतलेली स्टुडिओ आवृत्ति लागते.

आतां दुभाष्याकडे वळूं. नोव्हेंबर २०२४ मध्यें अँथ्रॉपिक या अमेरिकन कंपनीनें 'मॉडेल कॉंटेक्स्ट प्रोटोकॉल' या नांवाचा एक खुला करार प्रसिद्ध केला. एका बाजूला मदतनीस, दुसऱ्या बाजूला कोणताही प्रोग्रॅम, आणि मध्यें एक छोटा दुभाषी प्रोग्रॅम, ज्याला सर्व्हर म्हणतात, अशी ही मांडणी आहे. दुभाषी प्रथम मदतनिसाला एक सूची देतो: येथें खूण करतां येते, तीसाठीं स्थान, रंग आणि मजकूर सांगावा लागतो; येथें प्रत काढतां येते, तीसाठीं नांव द्यावें लागतें; इत्यादि. मदतनीस सूचींतलें हवें तें काम निवडून ठराविक नमुन्यांत मागणी करतो, दुभाषी ती मागच्या दरवाजानें आंत पोंचवितो आणि उत्तर परत आणतो. रिझॉल्व्हसाठीं असे दुभाषी स्वतंत्र प्रोग्रॅमरांनीं लिहून सर्वांसाठीं खुले ठेवले आहेत.

एक उदाहरण घेऊं. माझा एक जुना विद्यार्थी माहितीपट करतो. १९७२ च्या दुष्काळांत खडी फोडावयास गेलेल्या बायकांच्या मुलाखती त्यानें चित्रित केल्या आहेत. "दुष्काळी कामावरच्या मजुरीचा उल्लेख जेथें येईल तेथें हिरवी खूण कर," असें तो मदतनिसाला मराठींत लिहितो. मदतनीस चित्र पाहत नाहीं. त्याला मिळतें तें बोलण्याचें लेखन, प्रत्येक वाक्यापुढें वेळ घातलेलें. समजा, एक वाक्य १२ मिनिटें ८ सेकंद आणि वर १० चित्रें या ठिकाणीं आहे. आमच्याकडे सामान्यतः सेकंदाला २५ चित्रें धरतात. १२ मिनिटें ८ सेकंद म्हणजे ७२८ सेकंद; त्यांचीं १८,२०० चित्रें; वरचीं १० मिळवून १८,२१०. हा आंकडा, 'हिरवा' हा रंग आणि चार शब्दांची टीप, एवढें पाठविलें कीं पडद्यावर खूण उमटते आणि 'झालें' असें उत्तर येतें.

येथें एक खांच आहे. रिझॉल्व्हचें घड्याळ, आपण बदललें नाहीं तर, शून्यापासून सुरू होत नसून एक तासापासून सुरू होतें. खुणेचा आंकडा मात्र आरंभापासून मोजावयाचा असतो. घड्याळावरचा तो तास हिशेबांत धरला कीं खूण ९०,००० चित्रें पुढें जाऊन पडणार! अमेरिकेंतली तऱ्हा आणखी निराळी. तेथें दूरचित्रवाणीचा वेग सेकंदाला २९.९७ चित्रें. तीस धरून मोजलें तर तासाला १०८ क्रमांक जादा होतात. म्हणून दर मिनिटाला दोन क्रमांक गाळतात, परंतु दर दहाव्या मिनिटाला गाळत नाहींत. चोपन्न दुणे एकशें आठ, हिशेब जुळला. गाळले जातात ते क्रमांक, चित्रें नव्हेत. मला असलीं उदाहरणें आवडतात, पण शब्दांत पारंगत असलेल्या मदतनिसाकडून तीं तोंडी सोडवून घेऊं नयेत. हा हिशेब दुभाष्यानेंच करावा, असें माझें स्पष्ट मत आहे.

खुणा करण्यापर्यंत सारें ठीक होतें. पुढें माझ्या विद्यार्थ्यानें "एका सेकंदाहून लांब असलेले सर्व विराम काढून टाक" अशी आज्ञा दिली. चाळीस मिनिटांची मुलाखत एकतीस मिनिटांची झाली आणि ऐकावयास मोठी सफाईदार वाटूं लागली. एका ठिकाणीं मात्र तो थबकला. वृद्ध बाईंना विचारलें होतें, "बरोबर नेलेलें मूल जगलें का?" त्या सात सेकंद गप्प राहिल्या होत्या आणि मग म्हणाल्या होत्या, "नाहीं." नव्या प्रतींत प्रश्न संपतो न संपतो तोंच "नाहीं" येत होतें, रेशनकार्ड आहे का, असें विचारल्यावर यावें तसें. शब्द एकही बदलला नव्हता. "गुरुजी, लेखनांत ती जागा कोरीच असते," तो मला म्हणाला. बाईंचें गप्प राहणें मदतनिसापर्यंत पोंचलेंच नव्हतें; पोंचला होता तो दोन वेळांमधला फरक. मूळ चित्रण शाबूत असल्यामुळें ते सात सेकंद परत मिळाले. आतां मोठ्या कामापूर्वीं संपूर्ण मांडणीची प्रत काढावयाची, आणि मदतनिसानें केवळ खुणा करावयाच्या, काट संकलकानें मारावयाची, असा त्याचा शिरस्ता आहे.

दुसरी एक अडचण शिक्षकाला चटकन कळेल अशी आहे. शुद्धलेखन सांगतांना मध्येंच "खिडकी लाव" म्हटलें तर तेंही वहींत उतरवून घेणारा एखादा मुलगा वर्गांत असतोच. मदतनिसाची चूक नेमकी उलट असूं शकते: मुलाखतींत कोणी "हें सगळें पुसून टाका" म्हणालें असेल, तर तो मजकूर आहे हें न ओळखतां तीच आज्ञा समजून तो कामाला लागण्याचा संभव असतो. यासाठींच प्रत्येक काम करण्यापूर्वीं माणसाला विचारावें आणि माणसाला नकार देतां यावा, अशी शिफारस त्या करारांत केलेली आहे. शंभर वेळां 'होय' दाबण्याचा कंटाळा येऊन लोक ती विचारणा बंद करतात. पाहणें व खुणा करणें यांना विचारणा नसली तरी चालेल; पुसण्याला ती असावीच.

यामुळें साहाय्यक संकलकांचें काम जाईल काय, असें कोणी विचारील. तुकड्यांना नांवें देणें, खुणा करणें, याद्या लावणें हीं कामें करतां करतांच आजवर नवशिक्याची नजर तयार होत आली. तीं कामें यंत्राकडे गेल्यावर ही उमेदवारी कोठें करावयाची, याचें समाधानकारक उत्तर मीं अद्याप कोणाकडून ऐकलेलें नाहीं.

शेवटीं खाजगीपणाविषयीं. दुभाषी संकलकाच्याच संगणकावर बसतो आणि चित्रणही घरींच राहूं शकतें. ओपनएआयनें २०२२ च्या सप्टेंबरांत खुला केलेला 'व्हिस्पर' हा प्रोग्रॅम मराठी ओळखतो व स्वतःच्या संगणकावर चालतो, म्हणून बोलण्याचें लेखनही बाहेर न जातां करतां येतें. परंतु मदतनीस जर दूरच्या कंपनीच्या यंत्रांवर चालणारा असेल, तर तें लेखन त्याला वाचावयास देतांना बाहेर जातेंच. त्या बायकांनीं कॅमेऱ्यासमोर बोलण्यास संमति दिली होती. आपले शब्द असे प्रवास करतील, हें त्यांना कोणी सांगितलें नव्हतें. माझा विद्यार्थी पुन्हा त्यांच्या गांवीं गेला आणि प्रत्येकीला हें समजावून विचारून आला. दोघींनीं नकार दिला. त्या दोन मुलाखतींच्या खुणा तो रात्रीं कानाला हेडफोन लावून स्वतः करीत आहे.