आईचा व्यवसाय

जून महिन्यात शाळा सुरू झाली, की आम्हा शिक्षकांना मुलांची माहिती भरून घ्यावी लागते. नाव, जन्मतारीख, पत्ता, वडिलांचा व्यवसाय, आईचा व्यवसाय. वडिलांच्या रकान्यात मुले भराभर लिहितात : यंत्रमाग कामगार, रिक्षाचालक, गवंडी, फळविक्रेता. आईच्या रकान्यापाशी मात्र पेन थांबते. एका वर्षी आठवीतील एक मुलगी मला म्हणाली, "टीचर, अम्मी काही करत नाही. घरीच असते." मी विचारले, "आज तुझा डबा कोणी केला?" ती हसली आणि तिने त्या रकान्यात एक आडवी रेघ ओढली.

ती रेघ बरेच दिवस माझ्या डोळ्यांपुढून जाईना. म्हणून उन्हाळ्याच्या सुट्टीत मी एक काम केले. आमच्या मोहल्ल्यात, माझ्या घरापासून तीन घरे सोडून एक आपा राहतात. (त्यांचे नाव लिहीत नाही. पुस्तकात नाव आलेले त्यांना आवडणार नाही.) त्यांचे पती चादरीच्या कारखान्यात काम करतात. घरात सासू-सासरे, शाळेत जाणारा एक मुलगा, साडेचार वर्षांची मुलगी आणि दीड वर्षाचे बाळ आहे. चार दिवस मी त्यांच्या स्वयंपाकघरात वही घेऊन बसले. "यात लिहिण्यासारखे काय आहे?" असे म्हणून त्या आधी संकोचल्या. मग कामाच्या घाईत त्यांना माझा विसर पडला.

फजरच्या अजानबरोबर त्यांचा दिवस सुरू होतो. पाणी यायचा दिवस असेल तर त्याहूनही आधी. भांडी, पिंप, बादल्या भरून झाल्या, की चूल पेटते. चूल म्हणजे आता गॅसची शेगडी. पहिला चहा सासऱ्यांचा, कारण त्यांना त्यानंतर औषध घ्यायचे असते. मग भाकरी.

आपला सोलापूर जिल्हा ज्वारीचा. इथल्या रब्बीच्या मालदांडी ज्वारीचे नाव साऱ्या महाराष्ट्रात आहे. पण भाकरी करणे सोपे नाही. गव्हाची कणीक भिजवली, की ती चिकट आणि लवचीक होते. ती लाटता येते. ज्वारीच्या पिठात तो गुण नसतो. म्हणून पीठ गरम पाण्यात भिजवतात आणि तळहाताने रगडून रगडून मळतात. पीठ फार दिवसांचे असेल तर त्याची विरी गेलेली असते आणि भाकरी थापताना कडा चिरतात. थापलेली भाकरी तव्यावर टाकली, की वरच्या बाजूवर पाण्याचा हात फिरवायचा. ते पाणी पुरते सुकण्याआधी ती उलटायची. शेवटी आचेवर धरली, की टम्म फुगते. आपा एका वेळेला बारा-चौदा भाकरी करतात. एक तव्यावर, एक परातीत, एक आचेवर, आणि त्याच वेळी शेजारच्या शेगडीवर डाळ. एवढे सगळे डोक्यात ठेवून त्या मुलाला पाढे विचारत होत्या.

साडेचार वर्षांची मुलगी शेजारी पाटावर बसलेली होती. तिने विचारले, "अम्मी, रोटी क्यूँ फूली?" आपा म्हणाल्या, "आतल्या पाण्याची वाफ झाली. वाफेला बाहेर यायला जागा नाही. ती वरचा पापुद्रा उचलते. हात लावू नको, भाजेल." विज्ञानाच्या तासाला हाच मुद्दा मी फळ्यावर आकृती काढून शिकवते. इथे आकृतीऐवजी भाकरी होती, आणि तिचा चटकाही होता.

नऊच्या सुमारास पती कामावर गेले, की शेजारच्या दोन घरांतील दोन लहान मुले येतात. त्यांच्या आया घरी विड्या वळतात. विड्यांची मजुरी हजारावर मिळते, त्यामुळे हात थांबला की पैसे थांबतात. मुले दोन तास आपांकडे असली, तर त्यांचे काम होते. या बदल्यात कोणी पैसे देत नाही. कोणी भाजी निवडून देते, कोणी कधी दुधाची पिशवी आणून ठेवते.

मग जे सुरू होते, त्याला आपा शाळा म्हणत नाहीत. "बच्चों को बिठाती हूँ," एवढेच म्हणतात. पहिल्या दिवशी त्यांनी एका ताटात तूरडाळ आणि शेंगदाणे मिसळून दिले आणि वेगळे करायला सांगितले. मुले अर्धा तास गुंतली. दुसऱ्या दिवशी शेंगदाणे मोजले. शेजारचे एक मूल तेलुगू घरातले आहे. सोलापुरात हे नवे नाही. ते म्हणाले, "ओकटी, रेंडु, मूडु." आपांची मुलगी म्हणाली, "एक, दो, तीन." गल्लीतल्या किराणा दुकानदाराकडून मुलांनी "ओंदु, एरडु, मूरु" हे कन्नडही उचललेले होते. मराठी मी शिकवले. शेंगदाणे मात्र तेवढेच राहिले, आणि संख्या ही शब्दापेक्षा वेगळी वस्तू आहे, हे त्या मुलांना कोणी न सांगता कळले.

मला सर्वांत आवडला तो अक्षरांचा तास. भाकरीचे उरलेले पीठ मऊ करून आपा मुलांना देतात. उभी काडी केली की अलिफ. आडवी होडी केली आणि खाली एक शेंगदाणा ठेवला, की बे. शेंगदाणा काढून वर दोन ठेवले, की ते. तीन ठेवले, की से. तिसऱ्या दिवशी एका मुलाने एक ठिपका खाऊन टाकला आणि त्याच्या 'से'चा 'ते' झाला. सगळी मुले खूप हसली. नुक्ता चुकला की अक्षर बदलते, हे त्या मुलाला आयुष्यभर समजावून सांगावे लागणार नाही. शिवाय पीठ मळून बोटांत जी ताकद येते, तिचा उपयोग पुढे पेन धरताना होतो. तीन वर्षांच्या मुलाच्या हातात लगेच पेन देऊन पानेच्या पाने गिरवून घेतात, ते मला पटत नाही.

बी.एड.ला असताना मी मारिया मोंटेसरी यांच्याविषयी वाचले होते. या इटालियन डॉक्टरबाईंनी १९०७ साली रोम शहरात गरीब वस्तीतील मुलांसाठी 'बालगृह' उघडले. ओतणे, झाडणे, निवडणे, बटणे लावणे अशा रोजच्या कामांतून लहान मूल शिकते, असे त्यांनी दाखवून दिले. १९३९ साली त्या भारतात आल्या आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इथेच राहिल्या. परीक्षेसाठी मी हे सारे पाठ केले होते. ते प्रत्यक्षात पाहिले ते आपांच्या स्वयंपाकघरात, आणि आपांनी मोंटेसरीबाईंचे नावही ऐकलेले नव्हते.

आपल्या महाराष्ट्रातही हा विचार फार पूर्वी रुजला. ताराबाई मोडक यांनी भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर बालशिक्षणाचे काम केले. पुढे १९४५ साली त्यांनी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी या गावी बालवाडीचे काम सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला आल्या. नंतर हे काम जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांमध्ये वाढले. तिथली मुले शाळेत येत नसत, कारण घरी धाकटी भावंडे सांभाळायची असत आणि रानात गुरे राखायची असत. तेव्हा या दोघींनी शाळाच मुलांकडे नेली. अंगणात भरली ती अंगणवाडी, गुरे चरतात त्या कुरणात भरली ती कुरणशाळा. परदेशी साधने महाग होती. त्यांच्या जागी खडे, पाने, बिया, शिंपले आले. १९६२ साली ताराबाईंना 'पद्मभूषण' मिळाले आणि १९८५ साली अनुताईंना 'पद्मश्री'. १९७५ साली केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास योजना सुरू केली आणि 'अंगणवाडी' हा शब्द देशभर पोहोचला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तर तिसऱ्या वर्षापासूनच्या शिक्षणाला शालेय शिक्षणाच्या आराखड्यात जागा दिली.

आता पुन्हा त्या आडव्या रेघेकडे येऊ. आपल्या देशाच्या जनगणनेत फक्त घरकाम करणाऱ्या स्त्रीची नोंद 'काम न करणारी' अशी होते. तेव्हा त्या मुलीचे फार चुकले असे मी कसे म्हणू? पण २०१९ साली सरकारने एक वेगळी पाहणी केली. लोक दिवसाचा वेळ कसा घालवतात, हे तिच्यात विचारले होते. घरातील बिनमोबदल्याची कामे करणाऱ्या स्त्रिया तेव्हा त्या कामांना दिवसाकाठी सरासरी २९९ मिनिटे देत होत्या, म्हणजे जवळजवळ पाच तास. आणि अशी कामे करणारे पुरुष ९७ मिनिटे. मुलांना आणि वृद्धांना सांभाळण्याचा वेळ यात धरलेला नाही. तो वेगळा मोजला आहे.

या कामाची किंमत करण्याची वेळ न्यायालयावरही आली. १९८९ साली जमशेदपूर येथे एका समारंभात भीषण आग लागली आणि अनेक स्त्रिया व मुले मरण पावली. मृत गृहिणींची नुकसानभरपाई कशी ठरवायची? त्यांना तर पगार नव्हता. २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने गृहिणीच्या कामाचे मोल, कमीत कमी धरले तरी, महिन्याला तीन हजार रुपये मानावे असे सांगितले. रक्कम थोडीच होती, पण त्या रकान्यात रेघेऐवजी आकडा आला.

आपांच्या घरी हा हिशोब वेगळ्या रीतीने झाला. मागच्या पावसाळ्यात त्यांना टायफॉइड झाला आणि त्या पंधरा दिवस अंथरुणावर होत्या. नणंद गावाहून आली, दुपारचे जेवण खानावळीतून आले, पतीने तीन दिवस खाडा केला. तरी सासऱ्यांचे औषध दोनदा चुकले, आणि विड्या वळणाऱ्या शेजारणींची मजुरी बुडाली. पती मला म्हणाले, "मॅडम, तीन माणसे लावली तरी घर चालेना." तेव्हापासून सकाळचे पाणी ते स्वतः भरतात.

प्रत्येक आईने घरीच राहावे, असे मात्र मी म्हणत नाही. मी स्वतः नोकरी करते. माझ्या मुलीला माझ्या अम्मीने सांभाळले. नाहीतर आज मी वर्गात उभी नसते. आपांनीही दहावीनंतर शिकायचे ठरवले होते, पण ते राहून गेले. बोलता बोलता त्या एवढेच म्हणाल्या आणि पुन्हा पीठ मळू लागल्या. मुलींनो, आणि मुलांनो तुम्हीसुद्धा, हे वाक्य मी मुद्दाम इथे लिहिले आहे.

पुढच्या वर्षीच्या जूनमध्ये आपांची मुलगी पहिलीत आली. तिचे अब्बा फॉर्म घेऊन माझ्याकडे आले. 'यापूर्वीचे शिक्षण' या रकान्यात काय लिहायचे, असे त्यांनी विचारले. मुलगी नर्सरीला गेलेली नव्हती. मुलगी जवळच उभी होती. मी तिला खडू दिला. तिने फरशीवर एक होडी काढली, खाली एक ठिपका दिला आणि म्हणाली, "बे. ऊपर दो रखो तो ते."

मी तिच्या अब्बांच्या हातून पेन घेतले आणि त्या रकान्यात लिहिले : घरी, आईकडे, दीड वर्ष.