शब्दाची जागा

'मला आंबा फार आवडतो' हे वाक्य इंग्रजीत सांगा, असे आमच्या पनवेल-सुकापूरकडच्या कोणत्याही वर्गात म्हटले, तर एक उत्तर हमखास येते: 'आय लाइक व्हेरी मच मँगो.' शब्द ओळखीचे, अर्थही कळतो, पण इंग्रजी कानाला वाक्य खटकते. का खटकते, हे मात्र मुलाला कुणी सांगत नाही. 'असं म्हणत नाहीत' एवढ्यावर त्याची बोळवण होते. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी शिकवतात, म्हणजे मुलाने पुष्कळ वर्षे ही भाषा गिरवलेली असते. तरी ही चूक सुटत नाही, कारण ती त्याच्या आळसातून आलेली नाही. ती त्याच्या मराठीतून आलेली आहे.

आपले वाक्य नीट पाहा. 'फार' हा शब्द 'आवडतो'ला खेटून बसला आहे. 'ती इंग्रजी छान बोलते', 'तो भात भराभर जेवतो' ह्या वाक्यांतही तेच. मराठीत क्रियाविशेषण क्रियापदाच्या शेजारी असले की आपल्याला बरे वाटते. मुलगा हीच शेजारधर्माची रीत इंग्रजीत नेतो आणि 'शी स्पीक्स वेल इंग्लिश' म्हणतो. इंग्रजीत ती शेजारची जागा कर्माची आहे. क्रियापद आणि त्याचे कर्म ह्यांच्यामध्ये सहसा कुणी शिरायचे नाही. म्हणून 'शी स्पीक्स इंग्लिश वेल' आणि 'आय लाइक मँगोज व्हेरी मच'.

हा काही तर्कशास्त्राचा नियम नव्हे. फ्रेंच भाषेत क्रियाविशेषण खुशाल क्रियापद आणि कर्म ह्यांच्यामध्ये बसते आणि फ्रेंच माणसाचे त्यावाचून काही अडत नाही. इंग्रजीची ही आपली एक सवय आहे, आणि त्या सवयीमागे कारण आहे. 'रामाने वाघाला मारले' ह्यात 'ने' आणि 'ला' कोण मारणारा आणि कोण मरणारा ते सांगतात. 'वाघाला रामाने मारले' म्हटले तरी वाघ काही जिवंत होत नाही. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीतही असे प्रत्यय होते. पुढे ते झिजत गेले, आणि प्रत्ययाचे काम जागेवर येऊन पडले. आज इंग्रजीत राम आणि वाघ ह्यांची अदलाबदल केली तर रामाचीच शिकार होते. ज्या भाषेत जागा एवढी मोलाची, तिथे आगंतुकाला कुठेही बसू देत नाहीत.

'ऑलवेज', 'ऑफन', 'नेव्हर' ही मंडळी निराळी. ती कर्माच्या आधी येतात, पण क्रियापदाच्याही आधी: 'ही ऑलवेज टेक्स द बस.' मग मुलगा विचारतो, 'सर, "ही इज ऑलवेज लेट" ह्यात ऑलवेज नंतर का?' ह्याला पुस्तके तीन-चार पोटनियम देतात. मला सोपी वाटणारी खूण सांगतो. वाक्य नकारार्थी करून पाहा आणि 'नॉट' कुठे येतो ते बघा. 'ही इज नॉट लेट', म्हणून 'ही इज ऑलवेज लेट'. 'ही हॅज नॉट कम', म्हणून 'ही हॅज नेव्हर कम'. आणि 'ही डज नॉट टेक द बस' ह्यातला 'डज' होकारार्थी वाक्यात 'टेक्स'च्या शेवटच्या 'स'मध्ये विरघळून जातो. नॉटची जागा तेवढी टेक्सच्या आधी शिल्लक राहते. तिथे ऑलवेज बसतो.

आता खरी गंमत आहे ती आपल्या 'च'ची. व्याकरणात त्याला शुद्ध शब्दयोगी अव्यय म्हणतात, कारण तो चिकटताना शब्दाचे रूप बदलत नाही. एवढेसे अक्षर, पण वाक्यात हवे तिथे जाते. 'सुमननेच मला वेळ सांगितली', 'सुमनने मलाच वेळ सांगितली', 'सुमनने मला वेळच सांगितली'. तीन वाक्ये, तीन अर्थ. आपण 'च'चे भाषांतर 'ओन्ली' असे पाठ केलेले असते, आणि 'च' शब्दाच्या मागे लागतो म्हणून ओन्लीही मागे लावतो: 'आय केम यस्टरडे ओन्ली.' भारतात हे सर्रास चालते, आणि आपसात बोलताना त्यात मला काही पाप वाटत नाही. पण बाहेरचा इंग्रजी बोलणारा माणूस 'आय केम ओन्ली यस्टरडे' म्हणेल, म्हणजे ओन्ली शब्दाच्या पुढे ठेवील. (चेकवर मात्र 'रुपीज फाइव्ह हंड्रेड ओन्ली' असेच लिहितात, तिथे ओन्लीने रकमेला कुलूप घातलेले असते, म्हणजे मागून कुणी आकडा वाढवू नये.)

आणि 'सुमनने मला वेळ सांगितलीच' हे चौथे वाक्य? इथे ओन्ली मुळीच चालत नाही. इथला 'च' म्हणजे 'सांगितली, नक्की सांगितली'. त्याला इंग्रजीत 'सुमन डिड टेल मी द टाइम' म्हणावे लागते, आणि 'डिड'वर आवाजाचा जोर द्यावा लागतो. एकच 'च', पण क्रियापदाला लागताच त्याचे इंग्रजीतले घर बदलते. शब्दकोशात ही गोष्ट शोधून सापडणे कठीण.

सर्वनामांकडे वळू या. मराठीत आपण त्यांना वारंवार सुट्टी देतो. 'येतो हं!' म्हटले की कोण येतो हे 'तो'वरून कळते. निघणारा माणूस 'येतो' का म्हणतो, तो वेगळा विषय. इंग्रजी क्रियापदाला असे प्रत्यय उरलेले नाहीत, म्हणून 'आय' म्हणावेच लागते. इतकेच काय, कर्ता नसला तरी खुर्ची रिकामी ठेवत नाहीत. 'पाऊस पडतोय' ह्याला 'इट इज रेनिंग'. हा 'इट' कोण? कुणीच नाही. खुर्ची भरण्यापुरता बसवलेला आहे.

कर्म म्हणून आलेले सर्वनाम आणखी एक चमत्कार करते. 'पिक अप द बॅग' म्हणा किंवा 'पिक द बॅग अप' म्हणा, दोन्ही चालते. पण 'ती उचल' म्हणायचे असेल तर 'पिक इट अप' एवढेच. 'पिक अप इट' नाही. कारण असे की इंग्रजी वाक्याच्या शेवटी जोर पडतो आणि तिथे नवी गोष्ट शोभते. 'इट' म्हणजे दोघांना आधीच ठाऊक असलेली वस्तू. ती बिचारी मधे दडून बसते. उलट 'लुक ॲट हिम', 'वेट फॉर हिम' ह्यांत 'हिम' शेवटीच. भेद कसा ओळखावा? मोठ्याने म्हणून पाहा. 'पिक इट अप' म्हणताना 'अप' ठसक्यात येतो. 'लुक ॲट हिम' मधला 'ॲट' तोंडातल्या तोंडात जातो. ठसक्याचा शब्द सर्वनामाला आपल्या आधी जागा देतो, दुबळा शब्द त्याच्या आधी येऊन बसतो.

एवढा खटाटोप कशासाठी, असे कुणी विचारील. आमच्या माथेरान रस्त्यावरची पोरे आता बंदरात, गोदामांत आणि २०२५ साली सुरू झालेल्या नवी मुंबईच्या विमानतळावर कामे शोधायला जातात. समजा, मुलाखतीत साहेबांनी एका यंत्राबद्दल विचारले. पोराला ते थोडेफार येते; 'फारसं येत नाही' असे त्याला नम्रपणे सांगायचे आहे. त्यासाठी वाक्य आहे 'आय डोन्ट रिअली नो इट.' तो घाईत म्हणतो, 'आय रिअली डोन्ट नो इट.' शब्द तेच, पाचच्या पाच. पण 'रिअली' नकाराच्या मागे राहिला तर नकार त्याला आपल्या कवेत घेतो आणि स्वतः मवाळ होतो: खरे असे येत नाही, थोडेसे येते. तोच नकाराच्या पुढे आला की नकारालाच बळ देतो: खरोखरच, मला काहीही येत नाही. साहेब कागदावर खूण करतात आणि पुढच्या उमेदवाराला बोलावतात.