इतिहास करून पाहणाऱ्या ब्रिटिश मालिका

ब्रिटिश दूरचित्रवाणीवर गेल्या काही दशकांत इतिहासाच्या मालिकांचा एक वेगळा प्रकार रुजला असून, त्यात राजे, लढाया आणि तह यांऐवजी जुन्या काळातील शेत किंवा घर पुन्हा उभे करून तेथे त्या काळच्याच अवजारांनी प्रत्यक्ष काम केले जाते. या पद्धतीचे नाते प्रायोगिक पुरातत्त्वाशी आहे. एखादी जुनी वस्तू किंवा प्रक्रिया नव्याने घडवून तिच्याविषयीचे अनुमान पडताळून पाहणाऱ्या या अभ्यासाचे गाजलेले उदाहरण म्हणजे हॅम्पशायरमधील बटसर येथे १९७२ साली सुरू झालेले लोहयुगीन शेत.

अशा मालिकांचे ढोबळमानाने दोन प्रवाह दिसतात. चॅनेल फोरच्या १९९९ मधील ‘द नाइन्टीन हंड्रेड हाउस’ या मालिकेत एक सामान्य कुटुंब लंडनमधील, १९०० सालासारख्या सजवलेल्या घरात तीन महिने राहिले आणि त्या कुटुंबाची तारांबळ हेच तिचे मुख्य आकर्षण ठरले. याउलट बीबीसीच्या २००९ मधील ‘व्हिक्टोरियन फार्म’मध्ये समाजेतिहासाच्या अभ्यासक रूथ गुडमन आणि पुरातत्त्वज्ञ ॲलेक्स लँगलंड्स व पीटर गिन यांनी श्रॉपशरमधील ॲक्टन स्कॉट येथे १८८०च्या दशकातील शेतीचे वर्षभराचे चक्र पार पाडले. येथे राबणाराच प्रश्न विचारणारा असल्यामुळे हा दुसरा प्रवाह निःसंशय अधिक मोलाचा आहे.

त्या काळच्या कपडे धुण्याचेच पाहावे. कपडे आधी भिजत घालायचे, पाणी वाहून आणून हंड्यात तापवायचे, पिंपात लाकडी दांड्याने कपडे घुसळायचे, दोन रुळांच्या यंत्रातून पिळायचे, नीळ आणि खळ द्यायची, वाळवायचे आणि अखेर निखाऱ्यांच्या आचेवर तापवलेल्या लोखंडी इस्त्रीने कडक करायचे, अशा या कामात घरातील स्त्रीचे दिवसचे दिवस जात. ग्रंथात एका ओळीत संपणारे हे श्रम पडद्यावर पाहिले की त्यांचे वजन कळते.

परदेशातील प्रेक्षकाला याच दृश्यांत वेगळे काही दिसते. वेल्समधील १६२०च्या दशकातील शेतीवर आधारलेल्या ‘टेल्स फ्रॉम द ग्रीन व्हॅली’ या २००५ च्या मालिकेतील बैलांची नांगरट ब्रिटिश प्रेक्षकाला केव्हाच लोपलेली गोष्ट वाटते, तर मराठी प्रेक्षकाची नजर थेट जू आणि रुमण्याकडे जाते, कारण बैलांचा नांगर अजून त्याच्या आठवणीत आहे. शिवाय त्याला कुंपणापलीकडचा प्रश्नही पडायला हवा: १८८०च्या दशकातील ब्रिटिश शेतकरी परदेशी स्वस्त धान्यामुळे अडचणीत आला होता आणि त्या धान्यात अमेरिकेच्या गव्हाबरोबर हिंदुस्थानचा गहूही होता. आसामचा चहाही तेव्हा ब्रिटनमध्ये पोहोचत होता. शेताच्या बांधावर थांबणाऱ्या चित्रणातून साम्राज्याची ही बाजू सहसा निसटते आणि ही या प्रकाराची खरी उणीव आहे.

या मालिका भारतातून पाहू इच्छिणाऱ्यांना मात्र काही अडचणी येतात. बीबीसीची आयप्लेअर ही सेवा ब्रिटनपुरती मर्यादित आहे, कारण प्रसारणाचे हक्क देशागणिक वेगळे विकले जातात. डीव्हीडीवरही प्रदेशाचा सांकेतिक क्रमांक असतो, ब्रिटनचा दोन आणि भारताचा पाच, त्यामुळे तेथील तबकडी येथील यंत्रावर चालेलच असे नाही. म्हणून तबकडी मागवण्यापूर्वी वाचकांनी हा क्रमांक अवश्य पाहावा, आणि या प्रकाराची ओळख करून घ्यायची असल्यास ‘व्हिक्टोरियन फार्म’पासून सुरुवात करावी.