घड्याळ घेताना आधी तारखेची खिडकी बघा

लग्नासमारंभात शोभेल, बाहीखाली सहज सरकेल असं ऑटोमॅटिक घड्याळ घ्यायचं असेल, तर दुकानात सर्वांत आधी तारखेची खिडकी बघावी. पट्टा आणि काचेची चमक नंतर. घड्याळ किती विचारानं बनवलंय, ते मला या खिडकीइतकं दुसरं काहीच सांगत नाही.

मशीनच्या पाठीशी अर्धगोल, जड रोटर असतो. हात हलला की तो फिरतो आणि मुख्य स्प्रिंग गुंडाळली जाते. तीच स्प्रिंग उलगडताना सगळी चाकं चालवते. तासकाट्याचं चाक बारा तासांत एक फेरा घेतं. त्याला जोडलेलं आणखी एक चाक निम्म्या वेगानं, म्हणजे दिवसातून एकदाच फिरतं. या चाकाला बोटासारखं टोक असतं. तबकडीखाली १ ते ३१ आकडे छापलेली कडी असते, तिला आतून ३१ दाते. मध्यरात्रीच्या सुमारास ते टोक एका दात्याला पुढे ढकलतं, आणि स्प्रिंगची छोटी पट्टी दोन दात्यांमध्ये बसून कडी जागेवर धरते.

ही कडी मशीनपेक्षा मोठी होऊ शकत नाही. ईटीए २८२४-२ हे प्रसिद्ध स्विस मशीन २५.६ मिलिमीटर रुंद आहे. ३६ ते ३८ मिलिमीटरच्या केसमध्ये त्याची तारीख तबकडीच्या कडेजवळ येते आणि तासाच्या खुणेची जागा नीट घेते. तेच मशीन ४३ मिलिमीटरच्या केसमध्ये घातलं, की खिडकी मध्याकडे सरकते आणि बाहेर रिकामी जागा उरते. असं घड्याळ मी तरी घेणार नाही. गडद तबकडीवर पांढरी कडीही डोळ्यांना खुपते. दोन्हींचा रंग एक असलेला बरा.

जाडीही मशीनच ठरवतं. २८२४-२ ची जाडी ४.६ मिलिमीटर, तर २८९२-ए२ ची ३.६. हा एक मिलिमीटर बाहीखाली जाणवतो.

घड्याळ अधूनमधूनच घालणार असाल, तर चावी अर्धी ओढून तारीख थेट बदलते का, हे विचारून घ्या. २८२४-२ साधारण ३८ तास चालतं. शुक्रवारी रात्री काढून ठेवलं तर सोमवारी सकाळी बंद मिळेल. टिसोचं पॉवरमॅटिक ८० मशीन ८० तास चालत असल्यानं शनिवार-रविवार निभावून नेतं. शिवाय ३१ पेक्षा कमी दिवसांच्या पाच महिन्यांनंतर तारीख हातानंच पुढे न्यावी लागते.

मात्र घड्याळात रात्रीचे नऊ ते पहाटेचे तीन वाजलेले असताना चावीनं तारीख बदलू नये. तेव्हा ते टोक दात्यांत अडकलेलं असू शकतं आणि जोर लावला तर दाता तुटतो. बंद पडलेलं घड्याळ लावताना काटे पुढे फिरवत न्या. तारीख बदलली की मध्यरात्र झाली असं समजा. तिथून सहापर्यंत या, चावीनं कालची तारीख लावा आणि मग काटे पुढे नेत आजची तारीख व चालू वेळ गाठा. सकाळ-रात्रीची ही खात्री केली नाही, तर तारीख भर दुपारी बदलेल.