उशीर नेमका कोणाचा?

वैद्यकीय गर्भपाताचा कायदा संसदेने १९७१ साली संमत केला. फ्रान्सला तसा कायदा करावयास १९७५ साल उजाडले, इटलीला १९७८. महाराष्ट्राचे मंत्री शांतिलाल शाह यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या अहवालातून तो निघाला, याचा आपल्याला थोडा अधिकच अभिमान वाटतो. तो अनाठायी नाही. परंतु या कायद्याने दिले कोणाला काय? गर्भपात भारतीय दंडसंहितेच्या ३१२व्या कलमानुसार गुन्हा होता आणि जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्यायसंहितेतही तो गुन्हाच आहे. १९७१ च्या कायद्याने अटी पाळणाऱ्या डॉक्टराला त्यातून अभय दिले. स्त्रीची संमती आवश्यक मानली, पुरेशी मानली नाही. पुढील सारा गोंधळ येथूनच सुरू होतो.

२०२१ च्या दुरुस्तीने बलात्कारपीडित, अल्पवयीन, विधवा, घटस्फोटित अशा काही स्त्रियांसाठी वीस आठवड्यांची मर्यादा चोवीसवर नेली. त्यापुढे, जीव वाचविण्याचा प्रसंग वगळता, गर्भात गंभीर व्यंग असल्याचे वैद्यकीय मंडळाने ठरविले तरच गर्भपात करता येतो. उरलेल्यांना न्यायालयाचा दरवाजा.

आता इतक्या उशिरा येते कोण? घरातल्याच माणसाने जिच्यावर अत्याचार केला आणि पाळी चुकण्याचा अर्थही जिला कळला नाही, अशी तेरा-चौदा वर्षांची मुलगी. पाचवा महिना सरल्यावर जिची पहिली सोनोग्राफी होते, ती ऊसतोड मजुराची बायको. व्यंग शोधणारी तपासणीच मुळी अठरा ते वीस आठवड्यांच्या सुमारास होते. हृदयाचे काही दोष त्याहूनही उशिरा उघड होतात. मग तालुक्याहून जिल्ह्याला, जिल्ह्याहून मंडळापुढे, आणि धडगावच्या बाईला थेट संभाजीनगरच्या खंडपीठापर्यंत जावे लागते. वकील कोण देणार, हा प्रश्न तर वेगळाच.

ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे दोन लेकरांची एक आई आली. धाकटे अंगावर पीत होते, त्यामुळे पाळी नव्हती आणि दिवस गेल्याचे तिला उमगलेच नाही. बाळंतपणानंतरच्या मानसिक आजारावर तिचे उपचार चालू होते. प्रथम परवानगी मिळाली. गर्भ जगण्याची शक्यता आहे असे डॉक्टरांनी कळविल्यावर खंडपीठात मतभेद झाले आणि अखेर सव्वीस आठवडे उलटल्यावर नकार मिळाला. डॉक्टरांची अस्वस्थता खोटी नव्हती, हे मान्य केलेच पाहिजे. जगू शकणाऱ्या गर्भाचा प्रश्न कठीणच आहे. पण त्याच वर्षी जानेवारीत मुंबई उच्च न्यायालयाने बत्तीस आठवडे उलटलेल्या, गर्भात गंभीर व्यंग आढळलेल्या स्त्रीच्या बाबतीत मंडळाचा नकार बाजूस सारला आणि निवड तिची आहे, मंडळाची नव्हे, असे सांगितले. एकीला होकार, दुसरीला नकार; तिसरीने कशाच्या आधारावर निर्णय करावा?

खरी लाज मात्र चोवीस आठवड्यांच्या अलीकडची आहे. कायद्यात नसलेली नातलगांची संमती, कागदपत्रे, न्यायालयाची परवानगी डॉक्टर मागतात, यावर सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात स्पष्ट बोट ठेवले. अल्पवयीन मुलीने आणि तिच्या पालकाने विनंती केल्यास पोलिसांना तिचे नाव कळविण्याची गरज नाही, असेही त्याच निकालात म्हटले आहे. तो निकाल मराठीत छापून प्रत्येक ग्रामीण रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात लावण्यास आरोग्य खात्याला किती खर्च येईल?