वायर आपल्या घराची, रस्ता सगळ्यांचा

"काल डांबर घातलं, आज खणायला घेतलं!" दारासमोरचा रस्ता उकरलेला दिसला की आपल्या सगळ्यांच्या तोंडून हेच वाक्य निघतं, होय ना? मीही आजवर तेच म्हणत आले. पण २०२३ सालच्या उन्हाळ्यात ते मला अर्ध्यावर गिळावं लागलं, कारण त्या वेळचा खड्डा माझ्याच हट्टापायी खणला गेला होता.

आमचं गाव तालुक्याचं. सकाळचं घरचं आवरून मी दुपारी शाळेत चार तास शिकवते. शाळेची माहिती हल्ली सगळी ऑनलाइन भरायची, आणि आमच्या गल्लीत मोबाइलला रेंज मिळायची ती फक्त गच्चीवरच्या टाकीपाशी! थोरल्याचा बारावीचा अभ्यासही तिथेच चालायचा. ब्रॉडबँडवाल्यांकडे चौकशी केली तेव्हा त्यांचा माणूस म्हणाला, "ताई, चौदा घरं मिळवून द्या, लगेच वायर आणतो." मी पदर खोचला आणि दारोदार फिरून चौदा सह्या गोळा केल्या. समोरच्या वहिनी "सासूबाईंना विचारते" म्हणत होत्या, त्यांनाही मीच गळ घातली.

एका रात्री यंत्र आलं आणि सकाळपर्यंत गल्लीभर चर खणून झाला. कडेला ना पट्टी, ना दिवा. नळाची लाइन फुटली ती वेगळीच. दोन दिवस गढूळ पाणी आलं. पण खरं दुःख पुढेच आहे. समोरच्या सासूबाई, म्हणजे आमच्या सगळ्यांच्या काकू, पहाटे देवाची फुलं आणायला निघाल्या आणि अंधारात चरात पडल्या. मनगट मोडलं. दवाखान्यात वहिनी मला एका शब्दानं बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

चार दिवसांनी आम्ही सहाजणी नगरपरिषदेत गेलो. "या कामाचा परवाना दाखवा," म्हटल्यावर कारकुनांनी फाइल उघडली आणि म्हणाले, "बाई, अर्ज आलाय, पण परवाना दिलेलाच नाही." अर्ज येऊन सात आठवडे झाले होते. कंपनीच्या माणसाला विचारलं तर तो म्हणतो, "वाट बघत बसलो असतो तर दिवाळी उजाडली असती." म्हणजे ऑफिसनं कागद दाबून ठेवला आणि त्यांनी कागदाआधीच कुदळ मारली. दोघांच्या मध्ये काकूंचा हात सापडला.

तुम्ही म्हणाल, वायर टाकायला एवढा परवाना तो कशाला? मलाही तसंच वाटायचं, म्हणून मी नियम शोधून वाचले. मैत्रिणींनो, ते वाटतात तितके अवघड नाहीत.

सार्वजनिक रस्त्याखालून किंवा रस्त्यावरून तारा नेण्याच्या हक्काला मार्गहक्क म्हणतात. आपल्याकडे याचा कायदा पार १८८५ सालचा होता, तारेच्या काळातला. त्यातही म्हटलं होतं की तार नेणाऱ्याला जमिनीचा फक्त वापर करता येईल, मालकी मिळणार नाही. नुकसान होईल तितकं कमी करायचं, आणि झालं तर भरपाई द्यायची. पुढे २०१६ साली केंद्र सरकारनं मार्गहक्काचे वेगळे नियम केले. आमच्या गल्लीला तेच लागू होते. त्यात अर्जदारानं काय काय लिहून द्यायचं ते सांगितलं होतं. काम कसं आणि किती दिवस चालणार, वाहतूक अडणार असेल तर ते दिवसाच्या कोणत्या वेळी, लोकांची कोणती गैरसोय होणार, ती कमी करायला काय करणार, आणि सुरक्षिततेची काय काळजी घेणार. वाचता वाचता माझे डोळे भरून आले. पहाटे फुलं आणायला निघालेल्या बाईचा विचार कागदावर कुणीतरी आधीच करून ठेवला होता!

ऑफिसवरही बंधन होतं. ६० दिवसांत उत्तर द्यायचं. नाही दिलं तर परवाना मिळाला असं धरलं जाईल. नाकारायचा असेल तर अर्जदाराचं म्हणणं ऐकून घ्यायचं आणि कारण लेखी द्यायचं. कचेरीचा खर्च म्हणून किलोमीटरला १,००० रुपयांपेक्षा जास्त घ्यायचे नाहीत. रस्ता दुरुस्तीचा खर्च मात्र वेगळा. तो अर्जदारानं भरायचा, नाहीतर बँकेची हमी देऊन रस्ता स्वतः पूर्ववत करून द्यायचा.

१ जानेवारी २०२५ पासून या नियमांच्या जागी, २०२३ च्या दूरसंचार कायद्याखालचे नवे नियम आले आहेत. आता अर्ज ऑनलाइनच करायचा असतो, आणि मुदतीत उत्तर न दिल्यास परवाना मिळाल्याचं धरण्याची तरतूद याही नियमांत आहे. जमिनीखाली ज्यांच्या नळ्या आणि तारा आहेत त्या त्या खात्याला खणण्याआधी कळवण्यासाठी 'कॉल बिफोर यू डिग' नावाचं सरकारी ॲप २२ मार्च २०२३ ला सुरू झालं. आमची नळाची लाइन फुटली ती त्यानंतर. ॲप असून काय उपयोग, खणणाऱ्यानं कळवायला तर हवं!

आम्ही लेखी तक्रार दिली. इंजिनिअरसाहेब जागेवर आले, काम थांबलं, दुरुस्तीची रक्कम भरून घेतली गेली आणि परवाना झाल्यावरच उरलेलं काम, तेही दिवसाउजेडी आणि पावसाळ्याआधी, पुरं झालं. गल्लीतल्या काहीजणी म्हणत होत्या, "वायरच नको." पण काकूच म्हणाल्या, "पडले मी, आणि नको म्हणता तुम्ही? नीट खणा म्हणावं."

तुमच्या गल्लीतही हे काम आज ना उद्या येईल. म्हणून अनुभवाच्या चार गोष्टी सांगते.

१. नोंदणीची सही करण्याआधी वायर कुठून येणार ते विचारा. रस्ता नगरपरिषदेचा आहे, सार्वजनिक बांधकाम विभागाचा की महामार्गाचा? ज्याचा रस्ता, त्याचा परवाना.

२. खोदाई सुरू झाली की परवान्याची प्रत बघायला मागा. लाजू नका. तारखा, लांबी आणि जबाबदार माणसाचा फोन नंबर वहीत उतरवून घ्या. प्रत दाखवत नसतील तर माहितीच्या अधिकाराखाली १० रुपये भरून मागता येते. उत्तराची मुदत ३० दिवसांची.

३. आपल्या नळाची आणि गटाराची लाइन कुठून जाते ते खणणाऱ्यांना उभं राहून दाखवा. रस्त्याचे आधीचे फोटो काढून ठेवा.

४. संध्याकाळी काम थांबलं की चराभोवती अडथळा आणि दिवा आहे ना, ते बघा. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आणि मुलांना आधीच सांगून ठेवा.

५. चर बुजवताना लक्ष असू द्या. डब्यात धान्य भरताना आपण डबा आपटून घेतो, नाहीतर महिन्याभरात तो चार बोटं रिकामा दिसतो. मातीचंही तसंच. थराथरानं भरून, पाणी मारून ठोकली नाही तर पहिल्याच पावसात रस्ता खचतो. खचला तर लगेच लेखी कळवा आणि पोच घ्या.

आता मी टाकीपाशी न जाता घरात बसून शाळेचं काम करते. काकू रोज संध्याकाळी नागपूरच्या लेकीशी व्हिडिओवर बोलतात. फोन मात्र डाव्या हातात धरतात. उजवं मनगट थंडीत अजून ठणकतं. ते पाहिलं की मला वाटतं, चौदा सह्या गोळा करायला मला दोन दिवस लागले होते. तिसऱ्या दिवशी नगरपरिषदेत एक चक्कर मारली असती तर?

तुम्ही मारा हं ती चक्कर.