एका इंग्रजी जहागिरीचा लिलाव
शीळफाट्याच्या ज्या खाचरांत पूर्वी भात पिके, तेथे आज चौरस फुटांचे भाव ऐकू आले, म्हणजे आम्हांस इंग्लंडांतील एम्सबरीच्या जहागिरीचे स्मरण होते. १९१४ च्या ऑक्टोबरांत अँट्रोबस घराण्याचा एकुलता पुत्र बेल्जममधील रणांत पडला. पुढील फेब्रुवारींत पिताही निवर्तला. वारस बंधूने सुमारे ६,४०० एकरांची ती मिळकत विक्रीस काढली. २१ सप्टेंबर १९१५ रोजी सॉल्सबरीच्या नाटकगृहांत शेते व घरे यांवर बोली झाली. पंधरावा लॉट कोणता म्हणाल, तर स्टोनहेंज हे पुरातन शिलावर्तुळ व भोवतालची तीस एकर जमीन! सेसिल चब नामक बॅरिस्टराने तो ६,६०० पौंडांस घेतला व १९१८ साली राष्ट्रास अर्पण केला. शिळांस असा दाता भेटला. परंतु अशा लिलावांत कुळास आपले कसते शेत राखावयाचे, तर परक्यांच्या बोलीवर बोली चढविणे भाग पडे.

आमच्याकडे १९४८ चा कूळकायदा आला, आणि १ एप्रिल १९५७ रोजी कसणारे कूळ मालक मानले गेले. किंमत हातोड्याने नव्हे, कायद्याने ठरली. वाचकांपैकी कित्येकांच्या घरच्या जमिनी त्यांत गेल्या. ते शल्य आम्ही जाणतो. तथापि ज्याचे पाय चिखलांत, त्याच्याच नांवे सातबारा झाला, हे आम्हांस न्याय्य वाटते. आतां तशाच कुळांचे नातू शीळफाट्यास बिल्डरांशी व्यवहार करितात. तेथे दवंडी पिटत नाहीत, इतकेच.